साताऱ्याचा ऱ, सांगलीचा ल

'सातारा' हे नाव नुसते लिहायचे असेल तर काही अडचण नाही. अडचण साताऱ्याला जायचे म्हटले की सुरू होते. प्रत्यय लागला की 'रा'चा 'ऱ्या' होतो आणि य च्या अंगाला चिकटलेला, पापणीच्या केसासारखा वाकडा र तिथे येऊन बसतो. हिंदीला तो लागत नाही. मराठीचे त्याच्यावाचून पान हलत नाही: दुसऱ्या, वाऱ्यावर, नोकऱ्या, पायऱ्या, आणि आमच्या भागात दर चौथ्या वाक्याला येणारे 'शेतकऱ्यांना'. त्याच्या जागी साधा रफार दिला तर आचाऱ्यांना दिलेला शिधा आचार्यांना जातो आणि महाबळेश्वरच्या दऱ्यांमध्ये दर्या शिरतो.

सांगलीची अडचण निराळी. तिथे 'ल' आहे. आपण शाळेत दोन पाकळ्यांचा ल गिरवला. उत्तरेकडचा ल उभ्या दंडाला टेकलेला असतो. दोन्ही ल च. वाचताना कोणी अडखळत नाही, पण मराठी डोळ्याला दुसरा ल परक्या गावच्या पाव्हण्यासारखा दिसतो.

मी पोटापाण्यासाठी वेबची पाने बांधतो. एचटीएमएल शिकलो तेव्हा टॅग उघडायचा कसा, मिटायचा कसा, एवढेच शिकलो होतो. मानके म्हणजे काय आणि ती कशासाठी असतात, हे या दोन अक्षरांनी शिकवले. म्हणून त्यांच्या मागे जरा लांबवर गेलो.

लांबवर म्हणजे मिरजेला, १८०५ सालात. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या सहवासातून नाना फडणिसांना छपाईची गोडी लागली आणि एका तांबटाने देवनागरी अक्षरे तांब्यावर कोरण्याची कला उचलली. नाना गेल्यावर मिरजेच्या गंगाधरराव गोविंद पटवर्धनांनी त्या तांबटाला आश्रय दिला आणि मिरजेत भगवद्गीता छापून निघाली. अख्खे पान तांब्यावर उलटे कोरायचे, शाई भरायची, कागद दाबायचा. अक्षर देखणे, पण ते पानाला कायमचे बांधलेले. पहिल्या अध्यायातला क उचलून अठराव्यात लावता येत नाही. त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. तिथला क सुटा. काम झाले की परत केसमध्ये आपल्या खणात.

एकाच साली, एकाच लिपीत, दोन छपाया. मिरजेत पानाचे चित्र छापले आणि श्रीरामपुरात अक्षरे छापली. पुढे दोनशे वर्षांनी आमच्या धंद्यात जो घोळ झाला त्याचे मूळ मला या दोन पुस्तकांतल्या फरकात दिसते. शासकीय परिपत्रक स्कॅन करून संकेतस्थळावर टाकतात तेव्हा ती मिरजेचीच पद्धत असते, फक्त तांबटाची कारागिरी वजा करून.

लिपीचा नियम कोणी ठरवायचा, हा वादही आमच्या भागाला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर वसवलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले, त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले; १९३० मध्ये 'स्त्री' आले. शंकरराव किर्लोस्करांनी या मासिकांत सावरकरांच्या लिपिसुधारणेतली अ ची बाराखडी वापरली: अि, अी, अु, अे. इ, ई, उ, ए यांचे खिळे वाचत आणि डोक्यालाही ताप कमी. वाचक कुरकुरत, पण वाचत. आज त्या अंकांतला मजकूर संगणकावर घ्यायचा तर 'अितिहास' हा शब्द 'इतिहास' शोधणाऱ्याला सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. आणि मौज अशी की ओ आणि औ आपण आधीपासूनच अ ला मात्रा देऊन लिहितो, तिथे युनिकोडने, म्हणजे जगातल्या साऱ्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या मानकाने, उलट बजावून ठेवले आहे: अ ला मात्रा जोडून ओ बनवू नका, आम्ही दिलेला अखंड ओ वापरा. सावरकरांना हे कळते तर त्यांनी युनिकोड संघालाही एक पत्र धाडले असते.

'स्त्री'ची गोष्ट त्याहून मजेची. लेखाचे पहिले अक्षर मोठे छापायची छापखान्यातली जुनी पद्धत वेबवर आली. पण 'स्त्री'चे पहिले अक्षर कोणते? जुळारी क्षणभरही थांबणार नाही: अख्खे स्त्री. यंत्राच्या हिशेबात मात्र स्, त् आणि री असे तीन तुकडे पडत. जोडाक्षर हे एकच अक्षर धरावे, हा नियम देवनागरीसाठी युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत आला, सप्टेंबर २०२३ मध्ये. किर्लोस्करवाडीच्या 'स्त्री'नंतर त्र्याण्णव वर्षांनी.

आता वाई. कृष्णाकाठी गंगापुरीत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली १९७३ मध्ये परिभाषासंग्रह आणि १९७६ मध्ये पहिला खंड निघाला, 'अंक' ते 'आतुरचिकित्सा'. अनुस्वार आधी, म्हणून अंक पहिला. अक्षरांना युनिकोडने दिलेल्या आकड्यांतही नेमका हाच क्रम लागतो. विश्वकोशाचा कोणताही खंड उघडा. नोंदीच्या मधोमध एखाद्या शब्दाआधी छोटासा बाण दिसेल. बाण म्हणजे या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे, तिकडे जा. नोंदीच्या शेवटी 'पहा :' म्हणून आणखी काही शब्द. त्याच्या आसपास संदर्भ, आणि लेखकाचे आडनाव आधी, आद्याक्षरे मागून.

हा बाण मला फार आवडतो. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबचा पहिला प्रस्ताव मार्च १९८९ मध्ये मांडला. तेव्हा वाईत बाण टाकून नोंदीला नोंद जोडण्याचे काम कित्येक वर्षे चालू होते. टेड नेल्सन यांनी हायपरटेक्स्ट हा शब्द १९६५ मध्ये वापरला होता, पण वाईच्या संपादकांना नेल्सनची गरज नव्हती. कोश करणाऱ्या कोणालाही ते सुचतेच. फरक पानावरचे बोट आणि पडद्यावरची टिचकी एवढाच.

'मार्कअप' हा शब्दही छापखान्यातला. संपादक हस्तलिखितावर समासात खुणा करी: हे शीर्षक, हे ठळक, इथे नवा परिच्छेद. जुळारी त्या खुणा वाचून खिळे निवडी. खूण सांगे की हे काय आहे. ते कसे दिसावे हे छापखान्याच्या चालीवर. आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये याच कल्पनेवर खुणांची भाषा बांधली, तिचे १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि एचटीएमएल हे तिचेच धाकटे, जरा वांड लेकरू. म्हणजे 'काय आहे' आणि 'कसे दिसते' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, हे सगळ्या मानकांचे मूळ छापखान्यातल्या समासात होते.

मराठी वेबची सुरुवात मात्र नेमका हा भेद पुसून झाली.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मोठ्या शहरांत इंटरनेट खुले केले. आपल्याकडे सायबर कॅफे पोचायला आणखी काही वर्षे गेली. तोवर छपाईच्या दुकानांत संगणक आले होते आणि त्यांच्यासोबत मराठी फॉण्टही. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅकचे आयएसएम. यांतले बहुतेक फॉण्ट म्हणजे मुखवटे होते. आत रोमन अक्षरे आणि चिन्हांची भेळ, वरून देवनागरीचा चेहरा. मराठी पान दिसायचे ते त्या पानाने मागितलेला नेमका फॉण्ट तुमच्या संगणकावर असेल तरच. नसेल तर कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांचा सडा. प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉण्ट वेगळा, म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर 'फॉण्ट डाउनलोड करा' अशी पाटी. मायक्रोसॉफ्ट आणि नेटस्केपने पानासोबत फॉण्ट धाडायच्या आपापल्या तऱ्हा काढल्या, त्या एकमेकांना चालत नसत. शोधयंत्राला यातले काहीच वाचता येत नव्हते. त्याच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच. छापखान्यात श्रीरामपूर जिंकले होते, वेबवर आम्ही परत मिरजेत आलो.

शहाणपण उपलब्ध नव्हते असे नाही. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि मोहन तांबे यांच्यासोबत पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेत आलेले जिस्ट या लिपितंत्राचे काम याच प्रश्नावर होते. त्यातून भारतीय लिप्यांचे इस्की हे मानक घडले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला क्रमांक दिला, १३१९४. तत्त्व सरळ: संगणकात अक्षर साठवा, आकार नव्हे. जोडाक्षर कसे दिसेल ते दाखवायच्या वेळी ठरवा. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिने देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८च्या मसुद्यावरूनच घेतला. पण ब्राउझरला इस्की कधी नीट उमगले नाही आणि युनिकोड दाखवायची ताकद लोकांच्या यंत्रांत अजून नव्हती.

जानेवारी १९९७ मध्ये इंटरनेटच्या अभियंत्यांनी २०७० क्रमांकाचा एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. लेखक चौघे: फ्रान्स्वा यर्जो, गॅव्हिन निकोल, ग्लेन अ‍ॅडम्स, मार्टिन ड्यूर्स्ट. विषय रूक्ष, एचटीएमएलचे आंतरराष्ट्रीयीकरण. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, एचटीएमएलच्या पानातली अक्षरे ही जगातल्या सर्व लिप्यांच्या त्या एकाच संचातली समजावीत. दुसरी, पानाच्या कोणत्याही भागावर तो कोणत्या भाषेत आहे याची खूण करता यावी. तिचे नाव 'लँग'. मराठीचा संकेत 'एमआर', हिंदीचा 'एचआय'. त्याच वर्षी १८ डिसेंबरला एचटीएमएल ४.० आले आणि दोन्ही गोष्टी मानकात पक्क्या झाल्या.

पहिल्या कलमात साताऱ्याचा प्रश्न होता, दुसऱ्यात सांगलीचा. मला हे कळायला पुढची पंधराएक वर्षे लागली.

साताऱ्याचा आधी. तो वाकडा र तक्त्यात कुठे? १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत युनिकोडने सांगितले होते: र घ्या, हलन्त द्या, मग एक अदृश्य जोडखूण घाला. ही जोडखूण कागदावर उमटत नाही. फक्त 'रफार करू नकोस, अर्धा र दाखव' एवढे यंत्राच्या कानात सांगते. नंतर नियम बदलला: खाली नुक्ता असलेला जो ऱ आहे, त्याला हलन्त द्या, इस्कीप्रमाणे. जुनी रीतही चालू ठेवली, कारण जुना मजकूर मोडायचा नाही हा मानकांचा धर्म. झाले, एका आकाराला दोन लेखने मिळाली. एक म्हणजे ०९३१, ०९४डी, ०९२एफ. दुसरे ०९३०, ०९४डी, २००डी, ०९२एफ. पडद्यावर दोन्ही डिट्टो 'ऱ्य'. काही साधने हे वळण देत, काही ते. इनस्क्रिप्ट कळपाटावर शिफ्टसह जे दाबले की सरळ ऱ मिळे. उच्चारावरून टंकणाऱ्या कितीतरी साधनांतून अदृश्य जोडखुणेचा र बाहेर पडे.

डोळ्याला फरक नाही, म्हणून कोणाला पत्ता नाही. पण 'शेतकऱ्यांना' हा शब्द एका लेखनाने शोधला तर दुसऱ्या लेखनातली पाने हाती लागत नाहीत. आणि अदृश्य खूण फार नाजूक. निरोप पाठवणारी, अर्ज साठवणारी अनेक सॉफ्टवेअर न दिसणारी अक्षरे कचरा समजून झाडून टाकतात. मग 'शेतकर्यांना' असे काहीतरी उरते. संकेतस्थळांच्या नावांत, मुळाच्या पातळीवर, म्हणजे शेवटच्या टिंबापुढच्या भागात, या जोडखुणेला प्रवेशच नाही. मराठी विकिपीडियावर तर जुन्या लेखनाचे नव्यात रूपांतर करायला यंत्रमानव जुंपावे लागले.

आणि ज्या ऱ वर आता सारी मदार, त्याच्यापुढे युनिकोडच्या यादीत टीप काय आहे? द्राविडी भाषांतला एक विशिष्ट र लिहिण्यासाठी. खाली आणखी एक ओळ: याचे अर्धे रूप पापणीच्या र ने दाखवतात. मूळ नोंद तमिळसारख्या द्राविडी भाषांच्या कामासाठी. मराठी तिथे पोटभाडेकरू. एकदा दिलेले नाव कधी बदलायचे नाही, हा युनिकोडचा नियम.

२००३-०४च्या सुमारास साताऱ्यातल्या एका कॅफेत मी पहिले युनिकोड पान उघडले. विंडोज एक्सपी होती. प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल फॉण्ट तिच्यात आलेला होता, पण जोडाक्षरे जुळवायची सोय आपसूक चालू नव्हती. सेटिंगमध्ये खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. कॅफेच्या मालकाकडे सीडी नव्हती, असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे मला दिसला तो 'सातार', मग एक सुटा हलन्त, मग 'याला', आणि वेलांट्या भलत्याच अक्षरामागे. मानक बरोबर, पान बरोबर, फॉण्ट बरोबर. एक सीडी नाही म्हणून साताऱ्याला जाता येईना.

पुढच्या वर्षांत बाकीचे जग भरभर बदलले. एक्सएचटीएमएलची शिस्त आली आणि गेली, ब्राउझरवाल्यांनी २००४ मध्ये वेगळी चूल मांडली, २०१४ मध्ये एचटीएमएल ५ शिक्कामोर्तब होऊन आले. त्याच दशकात, विजया वाड अध्यक्ष असतानाच्या काळात, विश्वकोशाचे खंड युनिकोडमध्ये वेबवर आले. वाईचा मजकूर आता शोधून सापडतो, ही या साऱ्या प्रकरणातली मला सर्वात मोठी घटना वाटते. कुठल्याही आवृत्तीच्या आकड्यापेक्षा.

राहिला सांगलीचा ल. दोन्ही ल ना युनिकोडने एकच आकडा दिला आणि ते योग्यच केले, कारण अक्षर एकच आहे, फरक वळणाचा. वळण ठरवायचे फॉण्टने. चांगल्या फॉण्टच्या पोटात दोन्ही ल असतात, दोन्ही श असतात, आणि पान मराठी आहे असे कळले की तो मराठी वळण काढतो. नोटोसारखे फॉण्ट हे करतात. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने लिपी आणि वर्णमाला प्रमाणित केली. १० नोव्हेंबर २०२२ रोजी सुधारित निर्णय काढून पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा असे सांगितले. पण पान मराठी आहे हे फॉण्टला सांगणार कोण? त्या लँगच्या खुणेने. आणि ती खूण करणार पान बांधणारा.

काही वर्षांपूर्वी मी सांगलीतल्या एका हळदीच्या अडत दुकानाचे संकेतस्थळ केले. मालकांनी पाहिले, 'ब्येस' म्हणाले. शेजारी त्यांचे दिवाणजी बसले होते. तरुणपणी ते एका छापखान्यात जुळारी होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावले आणि 'सांगली'वर बोट ठेवले.

"हा ल आपला नाही हो."

मी म्हटले, तोच आहे. ते म्हणाले, "वाचाय येतोय. पण हा हिंदी केसमधला खिळा."

मी मूळ फाइल उघडली. पानाचा सांगाडा कुठून तरी उचललेला होता आणि पहिल्याच ओळीत भाषा म्हणून 'ईएन' लिहिलेले. साऱ्या मराठी पानावर 'हे इंग्रजी आहे' अशी माझ्याच हातची खूण. दोन अक्षरे खोडली, 'एमआर' लिहिले, पान पुन्हा उघडले. फॉण्ट तोच, मजकूर तोच. 'सांगली'तल्या ल ला दोन पाकळ्या फुटल्या. खालच्या 'शेतमाल'मधला श देखील बदलला.

"आता बरं," दिवाणजी म्हणाले. मग त्यांनी खिशातून फोन काढला. सौद्याची वेळ कळवायला आमच्याच व्यवस्थेतून गेलेला निरोप होता. "मग हे काय?" तिथे 'शेतकर्यांना' होते, डोक्यावर रफार घेऊन.

मी तो मजकूर कुठल्याशा परिपत्रकातून उचलून चिकटवला होता. अदृश्य खूण वाटेत गळाली. र, हलन्त, य खोडून मी शिफ्टसह जे दाबले, हलन्त, य. बोट कुठे पडते ते दिवाणजी बघत होते.

"ह्याला आमच्या केसमध्ये खिळा वेगळा होता. तुमच्याकडं नाही?"

"आहे," मी म्हणालो. "पण तमिळच्या नावावर आहे."

"मग फेरफार करून घ्या की," दिवाणजी म्हणाले.